गणपतीच्या तोंडावर पडवीत गांधीलमाश्या: एका बंद घराचं प्रकरण

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराचं कुलूप काढायला दादा पुढे झाला आणि पडवीत पाय टाकायच्या आधीच मागे सरला. उतरत्या वाशाला, डोक्यापासून जेमतेम दोन हातांवर, करड्या कागदाचं तळहाताएवढं पोळं लोंबत होतं. त्यावर तीस-चाळीस गांधीलमाश्या दाटीने बसलेल्या. मे महिन्याची सुट्टी संपल्यापासून घर बंद होतं. गणपती शनिवारी, ७ तारखेला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मुंबई-पुण्याहून बावीस माणसं उतरणार होती, त्यांत नऊ मुलं.

एवढंच असतं तर हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं नसतं. कोकणात बंद घर उघडलं की गांधील, पाल, विंचू यांतलं काहीतरी निघतंच. आमच्याकडे प्रश्न काकूचा होता. दोन वर्षांपूर्वी विहिरीवर तिला गांधील चावली. दहा मिनिटांत तळहात-तळपाय खाजायला लागले, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. काकाने रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेलं. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मिळालं म्हणून ती आज आहे. काकू स्वतः हा प्रसंग ‘जरा चक्कर आली होती’ एवढ्यावर संपवते. डॉक्टरांनी मात्र काकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढचा दंश याहून वाईट निघू शकतो.

मी डोंबिवलीला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर पहिला उपाय माझ्याआधी शेजारच्या तात्यांनी सुचवला होता. लांब काठी, टोकाला चिंधी, डिझेलचा पलिता. “दोन मिनिटांत उडवतो,” ते म्हणाले, आणि त्यांनी असं कितीतरी वेळा केलंही आहे. मी नको म्हटलं. वासे वाळलेल्या लाकडाचे, माळ्यावर पेंढा भरलेला, कौलांखाली जळमटं. त्यात पेटलेलं पोळं खाली पडतं तेव्हा सगळ्या माश्या त्यावर नसतात. ज्या उडतात त्या आग लावणाऱ्याच्या मागे लागतात, आणि जळती काठी टाकून माणूस पळतो. तात्या दुखावले नाहीत. पुढे सगळ्या कामात ते सोबत होते, आणि गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, जागा शेवटी त्यांनीच दाखवली. ती हकिगत पुढे येईल.

काय काय सापडलं

बुधवारी सकाळी दादा आणि मी घराभोवती फिरलो. हात कशालाच लावला नाही. मोबाइलचा कॅमेरा लांबवून फोटो काढले आणि ओट्यावर बसून ते मोठे करून पाहिले. पाच ठिकाणी काही ना काही होतं.

पडवीतलं पोळं सगळ्यांत मोठं. उघडी षटकोनी घरं, वरून आवरण नाही, एका बारीक काळ्या देठावर टांगलेलं. माश्या लालसर तपकिरी, पोटावर पिवळी रेघ. ही रोपॅलिडिया मार्जिनाटा, दक्षिण भारतात सर्रास आढळणारी कागदी गांधीलमाशी. लाकडाचा, वाळक्या काड्यांचा भुगा चावून लाळेत मळून ती तो कागद करते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी कित्येक दशकं हिचा अभ्यास केला. या माशीची राणी इतकी शांत असते की नुसत्या वागण्यावरून ती इतरांतून ओळखू येत नाही.

आपल्या दृष्टीने त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट कामाची आहे. या माशीचं पोळं वर्षभर चालू राहतं आणि नवं पोळं कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकतं. इंटरनेटवर ‘थांबा, थंडीत पोळं आपोआप मरेल’ असा सल्ला सापडतो, तो बर्फ पडणाऱ्या देशांचा आहे. कोकणात त्याच्या भरवशावर बसलेला माणूस पुढच्या मे महिन्यातही तिथेच बसलेला असेल.

दुसरं पोळं मागच्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीत. नवंच, जेमतेम वीस घरं, सहा माश्या. तिसरं विजेच्या मीटरच्या पेटीत, त्यावर तीन माश्या. चौथी मातीची घरं, देवघराच्या कोपऱ्यात आणि जुन्या कॅलेंडरमागे. पाचवं आम्हाला त्या दिवशी दिसलंच नाही. विहिरीच्या वाटेवर एक मोठी, काळीकुट्ट, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली माशी दोनदा दिसली. एवढंच वहीत टिपून ठेवलं.

प्रत्येक ठिकाणी मी एकच गोष्ट विचारत होते: इथून रोज कोण जातं? कारण गांधीलमाशी माणसाला शोधत फिरत नाही. ती पोळ्याची राखण करते. पोळ्याच्या हातभर अंतरात धक्का, सावली, उच्छ्वास आला तरच उठते. गोठ्याच्या मागच्या भिंतीला हेच पोळं असतं तर मी त्याला हात लावू दिला नसता. परसातल्या भेंडी-वांग्यावरच्या अळ्या हीच माशी चावून गोळा करून पिल्लांना नेते. पण पडवीतल्या पोळ्याखाली मुलं झोपणार होती आणि तिथूनच काकू दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करणार होती. ते काढायलाच हवं होतं.

आधी डॉक्टर, मग पंप

बुधवारी दुपारी काका आणि मी आरोग्य केंद्रात गेलो. अंतर १४ किलोमीटर, पावसात वाट धरून पस्तीस मिनिटं. डॉक्टरांना काकूची हकिगत सांगितली, ॲड्रेनॅलिन शिल्लक आहे का ते विचारलं आणि रात्री कोण असतं तेही. त्यांनी काकूच्या चालू गोळ्या विचारल्या. बीपीच्या काही गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, चालू असतील तर अशा वेळी ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून. तिच्या गोळ्या त्या प्रकारच्या नव्हत्या.

त्यांचं सांगणं मी तिथेच लिहून घेतलं आणि घरी फ्रिजवर चिकटवलं. चावलेल्या जागी सूज, आग, ठणका हे सगळ्यांनाच होतं. चावलं हाताला आणि खाज पोटावर, ओठ किंवा जीभ जड, आवाज बदललेला, श्वासाला घरघर, उलटी, चक्कर, ‘काहीतरी होतंय’ असं वाटणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही. आडवं झोपवायचं, पाय उंच करायचे. दम लागत असेल तर टेकवून बसवायचं. १०८ ला फोन लावायचा, आणि गाडी लवकर पोचत असेल तर गाडीने निघायचं. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेटिरिझिनची गोळी खाजेला उपयोगी पडते, पण बंद होत चाललेला श्वास ती उघडत नाही. गोळी दिली म्हणून घरी थांबणं ही चूक माणसाच्या जिवावर बेतते, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आपल्याकडे स्वतः टोचून घ्यायची तयार ॲड्रेनॅलिनची पेनं सहज मिळत नाहीत. म्हणून मला वाटतं, घरात असं माणूस असेल तर पोळ्याकडे पाहण्याआधी जवळच्या दवाखान्यापर्यंतची मिनिटं मोजावीत.

काकूला त्या रात्री आत्याकडे पाठवायचं ठरलं. ती चिडली. नैवेद्याचं तांदळाचं पीठ तिने स्वतः आणलेलं, मोदकांचं सारण तिच्या हातचं, आणि तिलाच घराबाहेर काढताय? मी तिला फ्रिजवरचा कागद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. संध्याकाळी स्वतःच पिशवी भरून निघाली.

बुधवारची रात्र

सोमवारीच पिठोरी अमावास्या झालेली, त्यामुळे काळोख दाट होता. साडेआठला सुरुवात केली. रात्र निवडायचं कारण साधं आहे: ही माशी अंधारात उडत नाही आणि सगळ्या पोळ्यावर परतलेल्या असतात. दुपारी पोळं काढलं तर निम्म्या बाहेर असतात आणि परत येऊन घर शोधत बसतात.

फवारा कशाचा, यावर दुपारी बरीच चर्चा झाली होती. बाजारातला झुरळांचा लाल डबा दादाने आणून ठेवलेला. मी तो नको म्हटलं, त्याची दोन कारणं. असल्या डब्यात दाबाखाली भरलेला वायू पेट घेणारा असतो, आणि आमच्या घरात तीन दिवसांनी समई अखंड तेवणार होती. दुसरं, त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माश्यांइतकीच मासे आणि मांजरांनाही घातक. पडवीतलं पाणी पन्हळीतून थेट विहिरीच्या बाजूला जातं.

म्हणून साबणाचं पाणी. बागेचा दोन लिटरचा दाबाचा हातपंप, त्यात पाणी आणि भांड्यांचं लिक्विड सहा चमचे. गांधीलमाशीच्या अंगावर मेणचट थर असतो, साधं पाणी त्यावरून ओघळून जातं. साबणामुळे पाणी अंगाला धरतं, पंख चिकटतात आणि अंगाच्या बाजूंना श्वासाची जी बारीक छिद्रं असतात त्यांत ते शिरतं. माशी जागीच खाली पडते. हे फक्त उघड्या, लहान पोळ्याला लागू आहे. आवरण असलेल्या किंवा भिंतीत शिरलेल्या पोळ्यावर साबण मारणं म्हणजे बाहेरच्या चार मारून आतल्या चारशे उठवणं.

दादाने दोन शर्ट, जाड पँट, रेनकोट, गमबूट, रबरी हातमोजे घातले. डोक्यावर काचेचं हेल्मेट, त्याभोवती जुनी मच्छरदाणी गुंडाळून कॉलरमध्ये खोचलेली. शिडी लागणार नव्हती, तेच बरं होतं. शिडीवर उभ्या माणसाला माशी आली तर तो पडतो, आणि पडण्याने जे होतं ते दंशापेक्षा वाईट. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद रबरने बांधला आणि टॉर्च हातात न धरता चार हातांवर स्टुलावर ठेवला. लाल रंग या माश्यांना जवळपास दिसत नाही. आणि एखादी उडालीच तर उजेडाकडे जाते, म्हणून उजेड माणसाजवळ नको. घरातले सगळे दिवे बंद, दारं लावलेली, अंगणात गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी.

दादा पोळ्याच्या थेट खाली न राहता तिरका उभा राहिला आणि आधी कडेने, मग मधोमध फवारत गेला. दहा-बारा सेकंदांत माश्या टपटप पडू लागल्या. अर्धं काम झालं होतं. तेवढ्यात काका पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरातला दिवा लागला.

दाराच्या फटीतून उजेडाचा पट्टा थेट पडवीत. ज्या पाच-सहा माश्या अजून कोरड्या होत्या त्या सरळ त्या पट्ट्याकडे उडाल्या, आणि वाटेत दादा उभा होता. मी ओरडले, दिवा विझला, पण तोवर एक त्याच्या मनगटावर बसली होती. फवारताना हात वर गेला की रेनकोटची बाही मागे सरते आणि हातमोज्यापर्यंत दोन बोटं कातडी उघडी पडते. तेवढ्यातच तिने दोनदा नांगी मारली. मधमाशीची नांगी कातडीत अडकून तुटते, हिची तुटत नाही, म्हणून ही पुन्हापुन्हा चावू शकते. बाही आणि मोजा चिकटपट्टीने बांधायला हवा होता. मेन स्विचही पाडायला हवा होता. ‘दिवा लावू नका’ असं सांगणं पुरत नाही, माणसाचा हात सवयीने बटणाकडे जातो. या दोन्ही गोष्टी माझ्या ध्यानात यायला हव्या होत्या.

दादाला आत नेलं, मनगट साबणाने धुतलं, अंगठी आणि घड्याळ काढलं, बर्फ लावला. काकाने चुना आणला. मी लावू दिला नाही. सुजलेल्या कातडीवर चुना भाजतो. लोखंड घासल्यानेही काही होत नाही, फक्त थंड वाटतं. तासभर कोणी झोपलं नाही, दादाचे ओठ, आवाज, श्वास पाहत बसलो. गंभीर प्रतिक्रिया बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसायला लागते. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याचा हात कोपरापर्यंत सुजला. सूज चावलेल्या हातालाच होती, अंगावर इतरत्र काही नाही. दिसायला भयंकर, पण ती काकूसारखी प्रतिक्रिया नव्हती. चार दिवसांत उतरली.

उरलेलं पोळं त्याच रात्री तात्यांनी लांब काठीने देठापासून तोडलं आणि मी ते उकिरड्यावर टाकलं. ही तिसरी चूक. सकाळी पाहिलं तर दोन कोवळ्या, फिकट माश्या त्यातून बाहेर येऊन पंख वाळवत होत्या. पोळ्यातली काही घरं पांढऱ्या टोपीने बंद असतात, आत कोष असतो आणि साबणाचं पाणी तिथपर्यंत पोचत नाही. मग पोळं बादलीत दगडाखाली रात्रभर बुडवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुरलं.

गुरुवारी सकाळी वाशाच्या रिकाम्या जागेवर सहा माश्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. पोरं घाबरली. पण राखायला पोळं नसलेली गांधील कोणावर जात नाही. संध्याकाळी पुन्हा फवारा मारला, देठाचा काळा डाग खरवडला आणि जागा साबणाने घासून काढली. त्या देठावर माश्या मुंग्यांना न आवडणारा स्राव फासतात; चांगली जागा आयती तयार असते, म्हणून नवं पोळं तिथेच होण्याचा संभव. शुक्रवारी दोन दिसल्या, शनिवारी एकही नाही.

मीटरची पेटी

इथे तीनच माश्या होत्या, पण सगळ्यांत जास्त भीती मला याच पोळ्याची वाटली. घरातला मेन स्विच पाडला तरी खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर जिवंतच असते. त्यात साबणाचं पाणी किंवा कसलाही फवारा मारणं म्हणजे मरण ओढवून घेणं. वायरमनला बोलावलं. त्याने गुरुवारी संध्याकाळी खांबावरून लाइन तोडली, कोरड्या लाकडी काठीने पोळं पिशवीत पाडलं, पेटीच्या वायरच्या भोकाभोवती पुट्टी भरली. पाच मिनिटांचं काम.

भिंगुरटीची घरं

देवघरातल्या मातीच्या घरांना आम्ही हात लावला नाही. ती भिंगुरटीची, म्हणजे कुंभारीण माशीची. आत्या तर खूश झाली; कुंभारणीने घरात घर केलं की पाळणा हलतो असं ती मानते, आणि घरात नवी सून आहे. माझं कारण वेगळं होतं. ही माशी एकटी राहते. तिला सैन्य नाही, राणी नाही, आणि ती घराच्या राखणीसाठी चावत नाही. तिच्यामुळे काकूला धोका जवळजवळ शून्य.

कॅलेंडरमागच्या एका ढेपेला बाहेर पडायची गोल भोकं पडलेली होती, म्हणजे पिल्लं निघून गेलेली. ती मी चाकूने सोडवून मुलांना फोडून दाखवली. आत कोळ्यांचे वाळके पाय आणि तपकिरी कोषाचे तुकडे. माशी कोळ्याला नांगी मारून लुळा करते, जिवंतच खोलीत कोंबते, त्यावर एक अंडं घालते आणि दार लिंपून निघून जाते. पिल्लू ती ताजी शिदोरी खात वाढतं. तिच्या काही बहिणी कोळ्याऐवजी अळ्या भरतात.

संतवाङ्मयात अळी-भिंगुरटीचा दृष्टान्त वारंवार येतो: भिंगुरटीने घरात कोंडलेली अळी तिचं ध्यान करता करता स्वतःच भिंगुरटी होते. ज्यांनी तो रचला त्यांनी अगदी नीट पाहिलं होतं. अळी आत गेली, दार बंद झालं, काही दिवसांनी भिंगुरटी बाहेर आली, यातला प्रत्येक शब्द खरा आहे. बंद दाराआड काय घडलं तेवढंच त्यांना दिसलं नव्हतं. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने विचारलं, “मग अळीचं काय झालं?” तिला मी खरं ते सांगितलं. रात्री आरतीच्या तालमीआधी काकाने तोच दृष्टान्त सगळ्या मुलांना सांगितला, आणि भाचीने त्यांना पुढचा भाग सांगितला.

काळी माशी

आता पाचवं. गुरुवारी अकराच्या सुमारास मी खिडकीतलं छोटं पोळं पाहायला गेले, तर त्यावर विहिरीच्या वाटेवरची ती मोठी काळी माशी बसलेली. व्हेस्पा ट्रॉपिका, मोठी गांधील. ती एकेका घरात तोंड घालून अळी ओढून काढत होती. पोळ्याच्या मालकिणी सहाही चौकटीच्या कडेला सरकून नुसत्या पाहत होत्या. प्रतिकार केला असता तरी उपयोग नव्हता. काळी गेली, पुन्हा आली, दुपारपर्यंत पोळं रिकामं झालं. संध्याकाळी उरलेल्या माश्याही दिसल्या नाहीत.

घरच्यांना हायसं वाटलं, आपोआप काम झालं म्हणून. मला उलट धास्ती वाटली. तीच शिकारी इतक्या लवकर पुन्हापुन्हा येते याचा अर्थ तिचं घर जवळ आहे. आणि या माशीचं विष, तिचा आकार, तिची संख्या हे प्रकरण निराळं. अशा मोठ्या गांधिलींनी एका माणसाला पुष्कळ दंश केले तर ॲलर्जी नसतानाही स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद व्हायला लागली तर तो त्याचा इशारा. शिवाय माशी चिरडली की विषाच्या वासाने बाकीच्या उठतात.

शुक्रवारी दुपारी तात्या आणि दादा छत्री घेऊन विहिरीच्या वाटेवर बसले आणि माश्या कुठून कुठे जातात ते पाहत राहिले. पोळ्याकडे परतणारी माशी सरळ रेषेत, सावकाश, जड उडते. तासाभरात तात्यांनी बोट दाखवलं. जांभ्याच्या गडग्यात, जमिनीपासून वीतभर वर, दोन चिऱ्यांमध्ये मुठीएवढी फट. वाटेपासून आठ पावलं. मिनिटाला सात-आठ माश्या आत-बाहेर.

ती वाट विसर्जनाची. गौरी-गणपतीचं विसर्जन १२ तारखेला, गुरुवारी, ढोल-ताशांसह त्याच गडग्याला घासून ओढ्यावर जायचं. या माश्यांना जमिनीतला हादरा पटकन कळतो, आणि ढोल म्हणजे हादराच.

मी सांगितलं, वाट बदलायची. काका म्हणाले, वडिलांच्या आधीपासून गणपती याच वाटेने जातो. त्यांचं म्हणणं हट्टाचं नव्हतं. त्या वाटेवर आजोबांनी लावलेला सोनचाफा आहे, तिथे गणपती क्षणभर थांबवतात. मग प्रश्न असा पडला की विसर्जनाआधी पोळंच काढता येईल का. तालुक्याहून एक कीटकनियंत्रणवाला शनिवारी दुपारी आला. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, पाठीवर झुरळांच्या औषधाचा पंप, जाळीही नाही. घरात बावीस माणसं, दुपारची वेळ. मी त्याला चहा देऊन परत पाठवलं. त्याचा परवाना होता की नव्हता ते मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं. कीटकनाशक व्यावसायिकपणे वापरायला परवाना लागतो, आणि तो विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

शेवटी काकूने तोडगा काढला. गणपती सोनचाफ्याकडे जाण्याऐवजी सोनचाफा गणपतीकडे येईल. मुलांनी फुलं परडीत भरून आणली आणि विसर्जन शेजाऱ्यांच्या मळ्याच्या बांधावरून निघालं. ढोल ओढ्यापाशी पोचेपर्यंत वाजले नाहीत. गडग्यापासून पंधरा पावलांवर काठ्या रोवून लाल कापड बांधलं होतं. मुलांना सांगितलं होतं: दगड मारायचा नाही, फट बुजवायची नाही. फट बुजवली तर माश्या दुसरीकडून वाट काढतात, आणि घराच्या भिंतीत पोळं असेल तर खोलीत उतरतात.

१३ तारखेला दुसरे दोघे आले. अंगभर जाड पोशाख, जाळी, परवाना. त्यांनी उजेडी जागा पाहून घेतली आणि काळोख पडल्यावर लांब नळीने फटीत कीटकनाशकाची भुकटी फुंकली. द्रव फवारा मीच नको म्हटलं होतं, विहीर वीस पावलांवर. जाता-येता माश्यांच्या अंगाला भुकटी लागते आणि त्याच ती आत नेतात. चौथ्या दिवशी हालचाल थांबली. चिरे काढले तेव्हा आत घागरीएवढं, तपकिरी, थरावर थर चढवलेलं पोळं होतं. खर्च आम्ही तिघा भावंडांनी वाटून घेतला.

फटीत मध आणि मेणाच्या सातेरी माश्या असत्या तर मी वेगळं सांगितलं असतं. त्या मारायच्या नाहीत. मधपाळ त्या उचलून पेटीत नेतात. पोळं मेणाचं की कागदाचं, हे आधी पाहिल्याशिवाय कोणालाही बोलावू नये.

नंतर

दिवाळीत दादाने पडवीचे वासे तेलरंगाने रंगवले. गुळगुळीत रंगाला देठ पक्का धरत नाही असं वायरमन म्हणाला होता, पाहू म्हटलं. खिडक्यांच्या चौकटींना आणि माळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवली. तात्या दर पंधरा दिवसांनी घर उघडून सगळीकडे नजर टाकतात आणि फोटो पाठवतात. घर उघडं ठेवण्याचा फायदा एवढाच की पोळं तीन घरांचं असतानाच दिसतं. तेव्हा ते रात्री काठीने पाडलं तरी भागतं.

डॉक्टरांनी काकूसाठी ॲड्रेनॅलिनची कुपी, सिरिंज आणि लेखी सूचना दिल्या. काकाने संत्र्यावर टोचण्याचा सराव केला, पाण्याने भरलेल्या सिरिंजने, सहा वेळा. कुपी फ्रिजच्या दारात नाही, काकूच्या पिशवीत असते, उन्हापासून जपून. मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. ज्यामागे भिंगुरटीची घरं आहेत त्याच कॅलेंडरवर.

२०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होते. आम्ही २४ ला पोचलो. फाटकातूनच काकूने हाताने सगळ्यांना थांबवलं आणि पडवीकडे बोट दाखवलं. रंगवलेल्या वाशाला नाही, त्याच्या शेजारच्या लोखंडी खिळ्याला एकटी माशी लोंबत होती. खाली सात घरं. दादाने पिशवी खाली ठेवली, मेन स्विच कुठे आहे ते सगळ्या मुलांना दाखवलं आणि रात्र व्हायची वाट पाहत अंगणात बसला.